दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

मी, श्रीमती कोकिळा विठ्ठलराव गावंडे, वय शहात्तर, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त शिक्षिका, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. उर्वशी वानखडे यांनी मला तपासून दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. गेल्या दिवाळीपासून ज्यांनी दडपण आणून पाहिलं त्यांची नावं पुढे येतीलच. मी रागात आहे हेही इथेच नोंदवते, म्हणजे उद्या कोणी कोर्टात उभं राहून "म्हातारी रागाच्या भरात लिहून गेली" असं म्हणायला नको. भर कधीच ओसरला, राग तेवढा राहिला आहे. अक्षर बघा, कुठे हललेलं नाही.

वकीलबाई प्रेरणा ढोले यांना मी मसुदा दाखवला. त्या म्हणाल्या, काकू, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा, बाकीचं कायद्याला लागत नाही. मी म्हटलं, कायद्याला लागत नसेल, मला लागतं. नुसतं वाटप लिहिलं तर उद्या लोक त्याची कारणं आपापल्या सोयीने लावतील, आणि सोयीची कारणं लावण्यात आमच्या नेरचे काही लोक फार हुशार आहेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनीच करावी. त्यांनी ते कबूल केलं आहे, जरा कुरकुरत.

कलम १. घर. नेर येथील राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पगारातून बांधलं, कर्जही माझ्या नावावर काढलं होतं आणि फेडलंही मीच. तरी गावात त्याला विठ्ठलरावांचं घर म्हणतात. हे घर मी माझा मुलगा कपिल आणि सून अर्पिता, दोघेही राहणार पुणे, यांना समान हक्काने देते. नगरपरिषदेच्या दप्तरात नोंद करताना अर्पिताचं नाव आधी लिहावं. कपिल विचारेल, असं काहून? त्याला सांगावं, आई तसं लिहून गेली आहे.

या देण्याला एक अट आहे. पुढच्या खोलीला "कै. विठ्ठलराव गावंडे संगीत दालन" असं नाव द्यायचं प्रा. रामराव निमकर यांनी ठरवलं आहे. मला विचारण्याआधी पाटी रंगवूनसुद्धा आणली. ती पाटी या घराला लागणार नाही, मी असताना नाही आणि गेल्यावरही नाही. माझे यजमान भले गृहस्थ होते. बँकेत इमानाने नोकरी केली, कोणाचं वाईट चिंतलं नाही. गाण्याचं वेडही त्यांना खरं होतं. पण या घरातलं गाणं त्यांचं एकट्याचं नव्हतं, आणि ते काही पाटीवर मावत नाही.

कलम २. बँकेतली ठेव कपिलला, दागिने अर्पिताला. यात भांडण्यासारखं काही नाही म्हणून जास्त लिहीत नाही. माझं शिवणयंत्र शेजारच्या बबिताला द्यावं, ती मागत नाही पण तिला हवं आहे.

कलम ३. कप-बशा. हे कलम वाचून वकीलबाई हसल्या, पण ते खोडायचं नाही.

आमच्या घरी वर्षानुवर्षं दर रविवारी दुपारी रविवार श्रोता मंडळाची बैठक भरायची. यजमान, रामराव आणि त्यांचे चार-सहा मित्र. रामराव कॉलेजात मराठी शिकवायचे, मंडळाचे अध्यक्ष तेच. मंडळाचा एक नियम होता. ज्याची पाळी त्याने रेकॉर्ड आणायची, कव्हर भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, कोण गातंय ते कोणाला कळू द्यायचं नाही. दोन्ही बाजू संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मग एकेकाने "ठेवा" किंवा "उतरवा" म्हणायचं. सगळ्यांचं "ठेवा" आलं की कव्हर फिरवायचं, आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूने रेकॉर्डचं नाव आणि शिफारस करणाऱ्याचं नाव लिहायचं. रामराव म्हणायचे, नाव बघून ऐकतो तो गिऱ्हाईक, नाव न बघता ऐकतो तो रसिक. नियम चांगला होता. मी आजही म्हणते, नियम फार चांगला होता.

मी स्वयंपाकघरात असायची, मधल्या दाराला पडदा. शिफारशीची पाळी मला कधी आली नाही. माझं नाव कोकिळा, म्हणून "वहिनी, तुम्ही तरी कुहू करा" अशी थट्टा मात्र दर दोन-तीन रविवारी व्हायची, आणि चहा गेला की थट्टाही संपायची. पण रेकॉर्डी मी सगळ्या ऐकल्या. त्यांच्यापेक्षा नीट ऐकल्या, कारण गाणं चालू असताना आपण नंतर काय मत द्यायचं याची जुळवाजुळव मला करावी लागत नव्हती. मला कोणी मत विचारणारच नव्हतं.

तर त्या बैठकीचे कप आणि बशा प्रा. रामराव निमकर यांना द्याव्यात. माझ्या दिवसांना येणाऱ्या लोकांना त्यातच चहा द्यावा आणि मग न धुता त्यांच्या घरी पोचवाव्यात. इतकी वर्षं त्या धुतल्या कोणी, हे त्यांना कळायला मला दुसरा मार्ग सुचला नाही.

कलम ४. यजमानांच्या संग्रहातल्या रेकॉर्डी, कलम ५ मधली सोडून, मंडळाच्या हयात सभासदांना घेता येतील. ज्याला जी हवी ती त्याने आधी आमच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकावी. खुर्ची देऊ नये. मग न्यावी. ज्याचे गुडघे दुखत असतील त्याने नेऊ नये.

मंडळ आता फोनवर भरतं. "आजची शिफारस" म्हणून रोज कोणीतरी कसली तरी लिंक टाकतो आणि बाकीचे न ऐकताच अंगठे दाखवतात. यजमान गेल्यावर मलाही त्यात घेतलं, कारण कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी एकदा एका जुन्या ठुमरीच्या रेकॉर्डविषयी लिहिलं, की दुसरी बाजू आधी ऐका, पहिलीवर गळा तापलेला नाही. कोणी हूं की चूं केलं नाही. त्याच्याखाली रामरावांनी गुलाबाच्या फुलाचा सुप्रभात टाकला, त्याला सगळ्यांनी हात जोडले.

कलम ५. इंदूबाईंची रेकॉर्ड. हे मृत्युपत्र मी याच एका कलमासाठी लिहिते आहे.

ही लाँगप्ले रेकॉर्ड माझी स्वतःची आहे. माझी बदली वणी तालुक्यात होती तेव्हा वणीच्या बाजारात एका रेडिओच्या दुकानात धुळीच्या ढिगातून मी ती काढली आणि माझ्या पगारातून घेतली. यजमानांचा तिच्याशी संबंध नाही. कव्हरवर एकरंगी फोटो आहे, नऊवारीतली बाई, फ्लॅशमुळे डोळे मिटलेले. खाली छापलं आहे, "इंदूबाई नगराळे आणि पार्टी, राजूर". मी ती ट्रंकेत ठेवायची आणि घरात कोणी नसलं की लावायची.

एका उन्हाळ्यात यजमानांची पाळी होती आणि नागपूरहून मागवलेली रेकॉर्ड उन्हाने वाकडी होऊन आली. मंडळी येऊन बसलेली. हे स्वयंपाकघरात येऊन डोकं धरून उभे राहिले. मी ट्रंक उघडली आणि इंदूबाईंची रेकॉर्ड कव्हर उलटं करून हातात दिली. म्हटलं, ही लावा, आणि मध्ये बोलू नका.

त्या दिवशी पडद्यामागे उभं राहून मी माणसं ऐकली. पहिल्या बाजूला कोणी खाकरलंसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं सुरू झालं. त्याला सुरुवातीला वाद्य नाही, नुसता बाईचा आवाज येतो: "भट्टी विझली गं बाई, हात विझंना." रामरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, पुसले. रेकॉर्ड संपल्यावर म्हणाले, ठेवा, असा आवाज पिढ्यान्‌पिढ्यांच्या तालमीशिवाय होत नाही, हे कोणत्या तरी मोठ्या घराण्याचं काम आहे. सगळ्यांनी "ठेवा" म्हटलं. यजमानांनी कव्हर फिरवलं आणि खुशीत खडू घेऊन फळ्यावर नाव लिहिलं.

मग कोणीतरी म्हणालं, अशी गाणी तर जयंतीला भोंग्यावर लागतात. रामराव म्हणाले, लोकगीताच्या मानाने बरं आहे, पण आपल्या फळ्यावर नको. ज्या तोंडाने "ठेवा" म्हटलं त्याच तोंडाने. फळा पुसायला ओलं फडकं माझ्याच ओट्यावरून नेलं. रात्री जेवताना यजमान मला म्हणाले, "कायले मायी फजिती केली चार लोकांत?" एरवी घरात ते वऱ्हाडी बोलत नसत. मी ताट वाढलं, उत्तर दिलं नाही. आज देते. फजिती तुमची झाली नव्हती, गावंडेसाहेब. इंदूबाईंची झाली होती, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

आवाज तोच होता, रेकॉर्ड तीच होती, कान तेच होते. मध्ये एक कव्हर फिरलं एवढंच. गाणारी बौद्धांची होती, चुनाभट्टीवर राबणारी होती आणि आपल्याच जिल्ह्यातली होती. मुंबईची कोणी नामांकित निघाली असती तर फळ्यावर राहिली असती. हे मी लपवून लिहिणार नाही. नाकाने कांदे सोलणारे रसिक मी माझ्या ओट्यावरून पाहिले आहेत.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. शहरात पुन्हा रेकॉर्डींचं वेड आलं आहे, जुनं आणि दुर्लक्षित असलं की पोरं दुप्पट खूश होतात. वरातीमागून घोडं निघालं ते आमच्याच गल्लीतून. रामरावांनी एका दिवाळी अंकात लेख लिहिला, विदर्भातील एक विस्मृत स्वर. त्यात लिहिलं, की विठ्ठलराव गावंडे आणि आमच्या मंडळाने ही रेकॉर्ड शोधून काढली, पहिल्याच श्रवणात तिचं मोल ओळखलं आणि इतकी वर्षं प्राणपणाने जपली. "भट्टी विझली" वर तर अख्खा परिच्छेद. वाद्यांशिवाय सुरुवात करण्याचं इंदूबाईंचं धाडस, त्यांच्या गळ्यात अचानक आलेला खर्ज, कलावंताची परिपक्वता आणि काय काय. लेख वाचून मुंबईची एक कंपनी ती रेकॉर्ड नव्याने छापायला तयार झाली. मूळ कंपनी कधीच बुडाली, टेपांचा पत्ता नाही आणि शोधूनही दुसरी प्रत मिळाली नाही. म्हणजे जे काय आहे ते माझ्या ट्रंकेत. रामरावांनी पुण्याला फोन केला आणि माझ्या मुलाने मला न विचारता होकार दिला. कव्हरवर छापायचं ठरलं, "शोध: कै. विठ्ठलराव गावंडे. शिफारस: प्रा. रामराव निमकर."

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. पण एवढ्यावर मी कदाचित गप्प बसले असते. बसायची सवय होती. फक्त मला वाटलं, छापण्याआधी ज्या बाईची रेकॉर्ड आहे तिला कोणी विचारलं का? विचारलं नव्हतं. रामराव म्हणाले, वहिनी, ती आता कुठे असणार.

ती राजूरलाच होती. आमच्या गल्लीतले लालसिंगभाऊ राठोड एसटीत चालक होते, त्यांच्या गाडीत मी रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्ड घेऊन राजूरला गेले. तिथे पहिल्याच टपरीवर विचारलं तर त्याने हात करून घर दाखवलं. दार इंदूबाईंच्या नातीने, पायलने उघडलं. इंदूबाई खाटेवर बसल्या होत्या, माझ्यापेक्षा मोठ्या, कंबरेत वाकलेल्या. मी कशाला आले ते सांगितलं. त्यांनी रेकॉर्ड हातात घेऊन फोटो निरखला आणि म्हणाल्या, डोळे लागले होते वाटते माये. मग मला कळलं, की त्यांनी ही रेकॉर्ड आयुष्यात ऐकलेली नाही. नागपूरला नेऊन गाऊन घेतलं, प्रती पाठवतो म्हणाले, त्या आल्या नाहीत. आल्या असत्या तरी लावायला यंत्र कुठे होतं.

आम्ही लावली. पायल जमिनीवर बसली, लालसिंगभाऊ दारात. इंदूबाई मान हलवत ऐकत होत्या, एका ठिकाणी ढोलकीवाल्याला शिवी घातली. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं लागलं आणि त्या हलायच्या थांबल्या. गाणं संपेपर्यंत त्यांनी डोळ्याला पदर लावून ठेवला.

"हे मी नाही म्हटलं," त्या म्हणाल्या. "हा मोतीचा गळा आहे."

मोतीबाई आत्राम. पांढरकवड्याकडची, भट्टीवर इंदूबाईंच्या सोबत चुना उपसणारी. नागपूरला ती मागे सूर धरायला गेली होती. शेवटी शेवटी इंदूबाईंचा गळा चुन्याने बसला, ढोलकीवाला चहा प्यायला बाहेर गेलेला आणि स्टुडिओवाल्याची घाई. मोतीबाई म्हणाली, मी म्हणते. आणि म्हटलं. गाणंही तिचंच, तिनेच बांधलेलं. पुढे ती छातीच्या दुखण्याने गेली. पार्टी एका नावाची, म्हणून कव्हरवर एकच नाव आलं. रामरावांचं ते धाडस, तो खर्ज, ती परिपक्वता, सगळी दुसऱ्याच बाईची निघाली. त्यांना काय, मलाही ओळखू आलं नव्हतं.

मी विचारलं, इंदूबाई, इतकी वर्षं तुम्ही हे कोणाला सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, "मले कोणं इचारलंच नाही, बाई." आणि निघताना माझं मनगट धरून म्हणाल्या, "तिचं नाव टाका. नाहीतर मायंबी काढा."

परत आल्यावर मी तिघांशी बोलले. कंपनीचा माणूस म्हणाला, मॅडम, मागच्या बाजूला बारीक अक्षरात "कोरस" म्हणून टाकू. रामराव म्हणाले, वहिनी, एका नावाने गोष्ट उभी राहते, दोन आली की लोक गोंधळतात. आणि लेख तर छापून गेला. खरं दुखणं तेच. लेखात चूक निघते, म्हणून एका बाईने मेलेलंच राहावं. याला मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात, आणि प्राध्यापकमहाशयांनी ते आयुष्यभर व्याकरणशुद्ध मराठीत खाल्लं आहे.

आणि माझा कपिल. मी वाढवलेला, माझ्या मांडीवर रेकॉर्डी ऐकलेला. तो म्हणाला, "आई, ती बाई तर गेली. तिला आता काय फरक पडतो?"

म्हणून हे लिहिते. सदर रेकॉर्ड, सोबत माझा रेकॉर्ड प्लेअर आणि नव्या सुयांची डबी, मी पायल नगराळे, राहणार राजूर, तालुका वणी, हिला कायमची आणि पूर्ण हक्काने देते. इंदूबाई हयात असेपर्यंत रेकॉर्ड त्यांच्या घरात राहावी आणि त्या म्हणतील तेव्हा लावावी. कपिल, रामराव, मंडळ किंवा कंपनी यांचा तिच्यावर हक्क नाही. कपिलने फोनवर दिलेला शब्द त्याचा आहे, वस्तू त्याची नव्हती. रेकॉर्ड छापायला द्यायची की नाही हे पायल ठरवेल. दिली तर एका अटीवर: कव्हरच्या पुढच्या बाजूला इंदूबाई नगराळे आणि मोतीबाई आत्राम ही दोन्ही नावं एकाच मापाच्या अक्षरात येतील, आणि "भट्टी विझली" च्या पुढे मोतीबाईचं नाव येईल, गाणारी म्हणून आणि बांधणारी म्हणून. शोध, शिफारस असलं काही छापायचं नाही. माझंही नाव नको. ही अट मोडली तर पायलने रेकॉर्ड परत मागवावी. तो अधिकार मी तिला देते आणि वकीलबाईंनी तिच्या बाजूने उभं राहावं.

मूळ कव्हरवर मी मोतीबाईचं नाव न पुसणाऱ्या शाईने लिहिलं आहे. लिहिल्याने प्रतीची किंमत घटते असं रामरावांचं म्हणणं पडलं. घटू दे.

कलम ६. मी गेल्यावर मंडळाने शोकसभा घेऊ नये. पेपरातल्या बातमीत "संगीतप्रेमी विठ्ठलराव गावंडे यांच्या पत्नी" असं लिहू नये. शिक्षिका लिहावं, ते मी होते. रामरावांना अंत्यदर्शनाला यायचं असेल तर यावं, दाराशी अडवू नये, पण बोलू देऊ नये.

कलम ७. कपिल, हे कलम तुझ्यासाठी आहे. मी तुला घर देते आहे, माया आटलेली नाही. पण तुझ्या त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. गेलेल्या बाईला काय फरक पडतो, असं तू विचारलंस. हा कागद तू वाचशील तेव्हा मीही गेलेली बाई असेन. यातला एकेक शब्द तुला तरीही पाळावा लागेल, कारण त्याच्यावर शिक्का आहे. मोतीबाईकडे शिक्का नव्हता, फक्त गळा होता. माझं ऐकशील तसंच तिचं ऐक.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिलं आणि खालील साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्या समोर सह्या केल्या.

ठिकाण: नेर, जिल्हा यवतमाळ
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

(सही) कोकिळा विठ्ठलराव गावंडे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. उर्वशी वानखडे, नेर

२. (सही) लालसिंग राठोड, निवृत्त एसटी चालक, नेर

३. मोतीबाई आत्राम, राजूर. मयत. वकीलबाईंनी ही ओळ खोडली होती, कायद्यात बसत नाही म्हणून. मी ती पुन्हा लिहिली आहे.